एका कानाला दडा, मानेत गाठ, आणि डॉक्टर म्हणतात मूळ नाकाच्या मागे असेल

रेवदंडा:
माझा दादा 44 वर्षांचा आहे, अलिबागला वायरमन. तंबाखू नाही, दारू नाही. होळीपासून उजव्या कानाला दडा बसलाय. कानात थेंब झाले, ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या. गणपतीत दाढी करताना जबड्याच्या कोनाखाली गाठ हाताला लागली. दुखत नाही. सुईच्या तपासणीत 'मेटास्टॅटिक कार्सिनोमा' आलं, म्हणजे दुसरीकडून पसरत आलेला कॅन्सर. एक सर्जन म्हणाले, गाठ काढून टाकू. दुसऱ्यांनी थांबवलं, म्हणाले, मूळ नाकाच्या मागे असेल, आधी दुर्बिणीने बघू. पण त्याचं नाक तर अगदी मोकळं आहे! मग नाकाचा आजार कसा? आणि कानाचा काय संबंध? आईने सुके बोंबील घरातून बाहेर काढलेत, म्हणते त्यानेच झालं. कुणी नीट समजावून सांगेल का?

कानघसा_मिरज:
ताई, दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. गाठ आत्ता कापू देऊ नका.

मी नाक-कान-घसा तज्ज्ञ आहे. उमेदीची काही वर्षं नागालँडमध्ये काम केलं. नाकाच्या मागचा हा कॅन्सर आपल्याकडे विरळा, तिकडे मात्र नेहमीचा. भारतात सर्वांत जास्त नागालँड आणि मणिपूर या भागांत दिसतो. त्यामुळे 'मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी' हे शब्द कानावर पडले की मी आधी नाकाच्या मागे बघतो.

नाकपुड्यांतून सरळ मागे गेलात की टाळूच्या वर, कवटीच्या तळाखाली एक खोली लागते. तिला नेझोफॅरिंक्स म्हणतात. तिच्या दोन्ही भिंतींत मधल्या कानाकडून येणाऱ्या नळीचं तोंड उघडतं. या तोंडामागे कूर्चेचा उंचवटा, आणि उंचवट्याच्या मागे एक अरुंद खाच. रोझेनम्युलर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाचं नाव तिला आहे. हा कॅन्सर बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो. श्वासाच्या वाटेत ती खाच येत नाही, म्हणून नाक बराच काळ मोकळं राहतं. पण कानाची नळी अगदी शेजारी. ती निकामी झाली की पडद्याआड पाणी साठतं आणि दडा बसतो. थेंब पडद्याच्या बाहेरच राहतात. त्यांनी काय होणार?

मानेतल्या गाठीचं म्हणाल तर या जागेतून लसिकावाहिन्यांचं दाट जाळं निघतं. पेशी आधी घशामागच्या गाठींत जातात, त्या बाहेरून हाताला लागत नाहीत. मग मानेच्या वरच्या भागात, कानाखाली आणि मागच्या बाजूला. खोली मध्यावर असल्याने दोन्ही बाजूंना गाठी येऊ शकतात. निदान होतं तेव्हा साधारण चारातल्या तिघांच्या मानेत गाठ असते, आणि पुष्कळांना डॉक्टरकडे आणणारी पहिली गोष्ट तीच असते. तेव्हा उशीर केला म्हणून दादाला बोलू नका.

आता त्याला काही गोष्टी विचारा. सकाळी खाकरल्यावर कफात रक्ताचे धागे येतात का? उजवीकडे लांब बघताना एकाचे दोन दिसतात का? खोलीच्या छतावर कवटीचा तळ आहे, त्यातल्या भोकांतून नसा जातात. आजार वर सरकला तर डोळा बाहेर वळवणारी सहावी नस लवकर सापडते. गालाला बधिरता, जबड्यात कळा आल्या तर पाचवी. बाजूला पसरला तर टाळू उचलणारा स्नायू दुबळा होतो. त्याच बाजूला कमी ऐकू येणं, टाळू लुळी पडणं आणि चेहऱ्यात कळा, हे त्रिकूट विल्फ्रेड ट्रॉटर या ब्रिटिश सर्जनने 1911 मध्ये नोंदवलं. पण तिन्हींची वाट बघत बसायचं नसतं. कान आणि गाठ एवढंही दुर्बीण घालायला पुरेसं आहे.

कौलूनकर:
मी हाँगकाँगला राहतो. इथे आणि शेजारच्या चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात हा आजार घरोघरी माहीत आहे. ज्या खाऱ्या माशावर ठपका आहे तो कँटनी, म्हणजे इकडच्या दक्षिण चिनी पद्धतीचा, मुरवलेला. विशेषतः लहानपणापासून खाल्लेला. सोबत एपस्टाइन-बार विषाणू आणि आनुवंशिकताही. हा विषाणू तर जगातल्या बहुतेकांच्या अंगात असतो. इथे 20,174 पुरुषांच्या रक्तात त्याचा डीएनए शोधून पाहिला होता, तो अभ्यास 2017 मध्ये छापून आला. त्यात 34 जणांचा आजार सापडला, बहुतेकांचा सुरुवातीच्या टप्प्यात.

कानघसा_मिरज:
आईंना सांगा, बोंबलांचा अपराध कुणी सिद्ध केलेला नाही. स्वतःच्या हातच्या जेवणाने मुलगा आजारी पडला हे ओझं त्यांनी वाहू नये.

रेवदंडा:
दुर्बीण झाली. उजव्या बाजूला त्या खाचेतच फुगवटा होता, तुकडा घेतला. रिपोर्टमध्ये 'अनडिफरन्शिएटेड' (पेशींचा मूळ प्रकार ओळखू न येणारा) कॅन्सर आणि विषाणूची चाचणी पॉझिटिव्ह. एमआरआयमध्ये घशामागेही एक गाठ आहे. पेट स्कॅन पुढच्या आठवड्यात. एकाचे दोन दिसत नाहीत. ऑपरेशन नाहीच म्हणतात. म्हणजे हाताबाहेर गेलंय का हो?

कानघसा_मिरज:
नाही, मुळीच नाही! ऑपरेशन नाही याचं कारण वेगळं आहे. ती जागा कवटीखाली खोल आहे, शेजारून मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जाते. शिवाय हा प्रकार रेडिएशनला छान दाद देतो. म्हणून पहिला उपचार रेडिएशन, आणि मानेत गाठी असल्या की जोडीला केमो. गाठी मानेत असूनही पूर्ण बरे झालेले रुग्ण मी पाहिलेत. पेट स्कॅन हाडं, फुप्फुसं आणि यकृत बघायला आहे. दूर पसरला तर मुख्यतः तिथे जातो.

रेडिएशन सुरू होण्याआधी दंतवैद्याकडे न्या. किडलेले दात काढायचे असतील तर आत्ताच, नंतर जबड्याचं हाड नीट भरत नाही. आणि कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. केमोत सिसप्लॅटिन हे औषध असेल तर ते ऐकण्याच्या पेशींना इजा करू शकतं, तेव्हा आधीचा आलेख फाइलमध्ये हवा.