‘लेयर’ला थर की आवरण? आणि ‘रिलीज’ला काय?

शब्दखुणा: औषधनिर्मितीवरचा मजकूर मराठीत करतोय. ‘बायलेयर टॅब्लेट’ला ‘दुहेरी आवरणाची गोळी’ चालेल का? ‘कंट्रोल्ड रिलीज’ला ‘नियंत्रित विमोचन’ लिहिलंय, पण वाचताना जीभ अडखळते.

खलबत्ता: आवरण नको, तो ‘कोटिंग’चा शब्द. आवरण गोळीला चहूबाजूंनी झाकतं. थर मात्र एकावर एक दाबलेले असतात. वरून लेप नसेल तर कडेला दोन्ही स्पष्ट दिसतात. सरळ ‘दोन थरांची गोळी’ म्हणा. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाच्या सीआर (म्हणजे कंट्रोल्ड रिलीज) गोळीत थरही आहेत आणि वरून लेपही, तिथे एकाच शब्दावर भागवलंत तर पंचाईत होईल. तिच्या एका थरातून औषध लगेच सुटतं, झोप लागण्यासाठी. दुसऱ्यातून सावकाश, झोप टिकण्यासाठी.

मुग्धबोध: ‘विमोचन’ ऐकलं की मला पुस्तक प्रकाशनच आठवतं. :)
‘औषध सुटणे’ काय वाईट आहे? फक्त ‘डिलेड’ आणि ‘सस्टेन्ड’ या दोन्हींना ‘विलंबित’ लिहू नका, हे फार दिसतं. ‘डिलेड’ म्हणजे उशिरा: एंटेरिक लेप जठरातल्या आम्लाला दाद देत नाही, लहान आतड्यात विरघळतो, आणि मग औषध एकदमही सुटू शकतं. ‘सस्टेन्ड’ म्हणजे हळूहळू, बराच वेळ.

शब्दखुणा: मग ‘कंट्रोल्ड’ वेगळं कसं? तेही हळूहळूच ना?

खलबत्ता: तिथे वेगावर लगाम असतो. एचपीएमसीसारखा पॉलिमर पाण्याने फुगून बुळबुळीत जेल होतो, औषध त्यातून झिरपतं. पण जेल जाड होत जातं, औषधाची वाट लांबते आणि वेग मंदावतो. म्हणून काही रचनांमध्ये मधल्या थराच्या एका किंवा दोन्ही सपाट बाजूंना औषध नसलेला अडथळ्याचा थर दाबतात. सुरुवातीला उघडी जागा कमी असते. गाभा फुगेल आणि अडथळा झिजेल तशी ती वाढते. वाट लांबली तरी दार रुंदावतं, त्यामुळे वेग जवळपास सारखा राहतो.
यालाच ‘झीरो ऑर्डर’ म्हणतात. त्याचं ‘शून्य क्रम’ केलंत तर वाचकाला काही सुटतच नाही असं वाटेल. शून्य आहे तो घातांक: किती औषध शिल्लक आहे यावर वेग अवलंबून नाही. ‘समवेगी’ लिहा.

मुग्धबोध: +१ ‘समवेगी’ला.

शब्दखुणा: छान, घेतला. ‘डिलॅमिनेशन’ राहिलं. ‘विस्तरीकरण’?

खलबत्ता: अरे देवा, नको! ‘थर सुटणे’. पहिला थर आधी हलकाच दाबायचा असतो. जोरात दाबला तर त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि दुसरा थर धरत नाही. वंगण म्हणून घालतात ते मॅग्नेशियम स्टिअरेट जास्त झालं तरी दुसरा थर धरत नाही.

मुग्धबोध: पण मग औषधही ‘सुटतं’ आणि थरही ‘सुटतो’. एकाच परिच्छेदात आले तर घोळ होईल. थराला ‘उकलणे’ घ्या.

शब्दखुणा: ‘थर उकलणे’ पक्कं. शीर्षकात ‘नियंत्रित वेगाने औषध सोडणाऱ्या थरांच्या गोळ्या’ करतो. लांब आहे, पण कळतं.