मदत हवी आहे : जुन्या नेटबुकवर लिनक्स चालू झालं, पण 'ॲ' टाईप होत नाही

गावच्या वाचनालयात चार जुने नेटबुक (छोटे लॅपटॉप) पडून होते. इंटेल ॲटम एन२७०, १ जीबी रॅम. हा प्रोसेसर फक्त ३२ बिट चालवतो, त्यामुळे मिंट, लुबंटू या लिनक्स प्रकारांच्या आताच्या, फक्त ६४ बिट आवृत्त्या बाद. शेवटी अँटीएक्स २३ या हलक्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती टाकली आणि मशीन अक्षरशः जिवंत झाली! मुलं रोज येऊन लिहायला बसतात.

अडचण मराठी टायपिंगची. आयबस (भाषा टाईप करायचं सॉफ्टवेअर) चालवून पाहिलं. चालतं, पण ब्राउझर उघडला की मशीन अडखळतं, म्हणून काढलं. आता 'सेटएक्सकेबीमॅप' (setxkbmap) या कीबोर्ड निवडायच्या आदेशाने इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड लेआउट घेतलाय. ळ, ऱ सगळं नीट येतं. फक्त शिफ्ट आणि १ दाबलं की हिंदीचा 'ऍ' उमटतो, मराठीचा 'ॲ' (युनिकोड क्रमांक यू+०९७२) नाही. अ लिहून त्यावर चंद्र दिला तर दिसायला तसंच दिसतं, पण कोड वेगळा, त्यामुळे 'ॲप' शोधलं की सापडत नाही. मुलांना चुकीची सवय लावायची नाहीये.

'एक्समॉडमॅप' (xmodmap) या कळा बदलायच्या आदेशाने ती कळ बदलली होती, पण लेआउट बदलून परत आलं की बदल जातो. वाचनालयात इंटरनेट नाही, पॅकेज पेनड्राइव्हवरून न्यावी लागतात. रॅम वाढवायला पैसे नाहीत.

एक्सकेबीची (लिनक्समधली कीबोर्ड लेआउटची यंत्रणा) मूळ फाइल न बदलता, म्हणजे अपडेटनंतरही टिकेल असा, फक्त या एका कळीचा बदल चारही मशीनवर कायमचा कसा करायचा? आणि तो लॉगिनला आपोआप लागू व्हावा म्हणून आदेश नेमका कुठे लिहायचा?