अयुथया (थायलंड): एका दिवसात गाईडसोबत सायकलवरून कसे पाहावे?

पायवाट (प्रश्न)

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बँकॉकला चार दिवस आहोत. त्यातला एक अख्खा दिवस अयुथयासाठी राखला आहे आणि जुनी राजधानी सायकलवरूनच पाहायची असे ठरले आहे. आम्ही दोघे, मुलगा (वय 12, उंची 145 सेंमी) आणि सासूबाई (वय 63, सायकलची सवय आहे पण रहदारीच्या रस्त्याची नाही) असे चौघे असू. गाईडसोबतच्या सहली दिसतात, तसेच स्टेशनजवळ भाड्याने सायकल घेऊन स्वतः फिरणारेही बरेच दिसतात. गाईडचे पैसे मोजून जास्तीचे काय मिळते? आधी काय पाहावे, नंतर काय? सायकल घेताना काय तपासायचे? आम्ही शाकाहारी आहोत, अंडे चालते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

नदीकाठ

जुने शहर हे एक बेट आहे, हे आधी लक्षात घ्या. उत्तरेला लोपबुरी नदी, पूर्वेला पासाक, पश्चिमेला आणि दक्षिणेला चाओ फ्राया. पूर्व-पश्चिम साधारण चार किलोमीटर, दक्षिणोत्तर अडीच, आणि कुठेही चढ नाही. बेटाच्या कडेने उथाँग रस्ता जातो, त्याचा पूर्ण फेरा सुमारे 12 किलोमीटरचा. वाट महाथात, वाट रात्चबुराना आणि वाट फ्रा सी सनफेत (थाईत 'वाट' म्हणजे देऊळ) ही तीन मोठी ठिकाणे बेटावरच आणि एकमेकांच्या जवळ आहेत. तेवढीच पाहायची असतील तर गाईड नसला तरी चालेल, नकाशा पुरतो.

गाईडचा खरा उपयोग पैलतीरावर होतो. पश्चिम आणि दक्षिण काठावर वाट चायवत्थनाराम, सेंट जोसेफ चर्च, मुसलमान वस्ती, वाट फुत्थाइसवान आणि आणखी दक्षिणेला पोर्तुगीज वसाहतीची जागा असा पट्टा आहे. त्याला जोडणारे गल्लीबोळ घरांच्या अंगणांजवळून, देवळांच्या आवारांतून जातात. नकाशा तुम्हाला सरळ हायवेवर काढतो, गाईड या बोळांतून नेतो. शिवाय काही सहलींत सायकली होडीत चढवून नदी ओलांडतात, म्हणजे पुलावरची रहदारी टळते. सासूबाई सोबत आहेत म्हणून नोंदणीच्या वेळी हाच प्रश्न पहिला विचारा: नदी कुठे ओलांडणार, पुलावरून की होडीने? पुलावरून असेल तर त्यांनी उतरून पदपथावरून सायकल हातात धरून न्यावी. पुलाच्या उताराला वेग वाढतो आणि खाली वळणाऱ्या गाड्या असतात, गोंधळ तिथेच होतो. रहदारी आपल्यासारखीच डाव्या बाजूने आहे, ही मोठी सोय.

आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. एका गाईडमागे किती जण? आठच्या वर असतील तर शेवटी दुसरा माणूस हवाच, नाहीतर सिग्नलला गट तुटतो आणि मागचे चुकतात. तिकिटे आणि होडीचे भाडे धरून दर आहे का? मोठ्या अवशेषांना वेगवेगळे तिकीट लागते, शिवाय सहा ठिकाणांचा एकत्रित पासही मिळतो. दिवसभर फिरणार असाल तर पास सोयीचा. आणि गाईडकडे पर्यटन खात्याचा परवाना आहे ना? थायलंडमध्ये गाईडचे काम कायद्याने थाई नागरिकांसाठीच राखीव आहे. परवान्याचे ओळखपत्र गळ्यात दिसले पाहिजे.

क्रम असा ठेवा: सकाळी आठला महाथात, लगेच समोरचे रात्चबुराना, मग फ्रा सी सनफेत, जेवण, आणि दुपार उतरल्यावर पैलतीर. सगळे मिळून 20 ते 25 किलोमीटर होतात. बँकॉकच्या बसगाड्या साधारण दहाच्या सुमारास येऊ लागतात, तोवर महाथात आटोपलेले बरे.

चेनकव्हर

सायकलीबद्दल लिहितो. भाड्याच्या सायकली बहुतेक बिनगिअरच्या, पुढे टोपली असलेल्या असतात. सपाट शहरात त्या पुरेशा आहेत, पण ताब्यात घेताना पाच मिनिटे द्या.

सर्वात आधी सीट. टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सर्वात खाली न्या, पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचितच वाकतो. दुकानदार सीट खाली करून देतात, कारण पाय जमिनीला टेकले की गिऱ्हाईकाला धीर येतो. पण तशा सीटवर 20 किलोमीटर चालवले की गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागते. सासूबाईंसाठी मधला तोडगा काढा: पुढच्या दांडीऐवजी खाली वाकलेली फ्रेम घ्या आणि सीट योग्य उंचीपेक्षा दोनेक सेंटीमीटर खाली ठेवा, त्याहून खाली नको. मुलाला 145 सेंमी उंचीला 24 इंची चाक बसेल. मोठ्यांची 26 इंची देऊन सीट तळाला नेऊन ठेवतात, ती घेऊ नका. तो ब्रेकच्या मुठीपर्यंत बोटे पोहोचवू शकतो का, हेही पाहा.

ब्रेक: दोन्ही मुठी दाबून सायकल पुढे ढकला. मूठ हँडलला टेकत असेल तर केबल सैल आहे, तिथेच आवळून घ्या. टायर अंगठ्याने दाबून पाहा. अशा रुंद टायरला साधारण 40 ते 50 पीएसआय हवा लागते, नेमका आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. हवा कमी असली आणि चाक विटेच्या कडेवर आदळले की ट्यूब रिमखाली चेमटते आणि शेजारीशेजारी दोन छिद्रे पडतात. अवशेषांच्या आसपास विटांचे तुकडे आणि उखडलेल्या कडा भरपूर आहेत, पंक्चर बहुधा असेच होते. गाईडच्या सहलीत जादा ट्यूब, पंप आणि चाक काढायचा पाना सोबत असायलाच हवा. भाड्याची सायकल असेल तर दुकानाचा फोन नंबर मोबाईलमध्ये घ्या.

अनामत म्हणून पासपोर्ट ठेवून घेऊ पाहतात. देऊ नका, रोख अनामत आणि पासपोर्टची झेरॉक्स यावर बहुतेक तयार होतात. हेल्मेट भाड्याच्या दुकानात मिळेलच असे नाही, सहलवाल्यांकडे मात्र आग्रहाने मागा. मुलाच्या मापाचे आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

ताम्रपट

वर सगळे नीट आले आहे. मी पाहण्याबद्दल लिहितो, कारण मराठी माणसाला या शहरात एक फायदा आहे. नावे नुसती ऐकू नका, उकलून वाचा. अयुथया म्हणजे अयोध्या. 1351 मध्ये शहर वसवणाऱ्या राजाची पदवी रामाधिपती. महाथात म्हणजे महाधातू, बुद्धाच्या अस्थिधातूंचे स्थान. चेदी म्हणजे आपले चैत्य. सी सनफेत म्हणजे श्री सर्वज्ञ. चायवत्थनाराम म्हणजे जयवर्धनाराम. फुत्थाइसवान म्हणजे बुद्धैश्वर्य. मुलाला हा खेळ लावून द्या, दिवसभर पाट्या वाचत राहील.

महाथातमध्ये पिंपळाच्या मुळांत गुरफटलेले बुद्धाचे दगडी मस्तक आहे. ते जमिनीलगत, जरा कललेले आहे आणि मुळांनी चारी बाजूंनी चौकटीसारखे धरले आहे. फोटो काढताना आपले डोके त्याच्यापेक्षा वर राहू नये म्हणून खाली बसावे लागते. तिथला रखवालदार उभ्या माणसाला लगेच खाली बसायला लावतो. आवारातल्या बिनशिराच्या मूर्तींच्या धडावर स्वतःचे डोके ठेवून फोटो काढणे हा तिथल्या लोकांच्या श्रद्धेचा अपमान आहे, मुलाला आधीच सांगून ठेवा.

रात्चबुराना बरेच जण बाहेरून पाहून पुढे जातात, तसे करू नका. राजगादीसाठी दोन भाऊ हत्तीवरून लढले आणि दोघेही मेले. तिसरा, सर्वात धाकटा भाऊ राजा झाला आणि त्याने 1424 मध्ये त्यांच्या दहनाच्या जागी हे बांधले. मधल्या शिखरावर चढून आत अरुंद, खड्या पायऱ्यांनी तळघरात उतरता येते, भिंतींवर जुनी चित्रे आहेत. 1957 मध्ये चोरांनी हे तळघर फोडले. त्यातून जे सोने वाचले ते चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे: सोन्याची तलवार, दागिने, छोटा सोन्याचा हत्ती. संग्रहालय सोमवारी बंद असते, दिवस ठरवताना ध्यानात ठेवा. तळघराच्या पायऱ्या सासूबाईंना झेपणार नाहीत, आत उकाडाही असतो.

फ्रा सी सनफेत हे राजवाड्याच्या आवारातले देऊळ. रांगेतले तीन चेदी तीन राजांच्या अस्थींसाठी आहेत. 1767 मध्ये बर्मी सैन्याने शहर जाळले, तेव्हा इथल्या सोळा मीटर उंच बुद्धमूर्तीवरचे सोने वितळवून नेले. जळण्याआधीचे अयुथया कसे दिसत असेल हे पाहायचे असेल तर गाईडला उत्तरेच्या वाट ना फ्रा मेनला न्यायला सांगा. तिथे बर्मी सैन्याचा तळ होता म्हणून ते देऊळ वाचले. आत राजवस्त्रांतला, मुकुटधारी बुद्ध आहे. नेहमीच्या सहलींत हे नसते, पण तेवढ्यासाठी वाट वाकडी करावी.

पोर्तुगीज वसाहत चुकवू नका, तिचा धागा आपल्या किनाऱ्याशी जुळतो. पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला, 1511 मध्ये मलाक्का, आणि त्याच वर्षी तिथून दुआर्त फर्नांदिशला दूत म्हणून अयुथयाला पाठवले. पुढे नदीकाठी त्यांची वस्ती झाली. तिथे डोमिनिकन चर्चच्या पायाचे उत्खनन छपराखाली जपले आहे. कठड्यापाशी उभे राहून खाली पाहिले की ओळीने मांडलेले सापळे दिसतात.

पायवाट

अनेक आभार! दोन शंका. चायवत्थनाराम सगळीकडे सूर्यास्ताला सुचवतात, तोवर सासूबाई थकल्या तर काय? आणि जेवणाचे कुणी लिहिले नाही.

उन्हाची_दिशा

चायवत्थनाराम चाओ फ्रायाच्या पश्चिम काठावर आहे आणि त्याचे तोंड पूर्वेला, नदीकडे. त्यामुळे सकाळचे ऊन थेट अंगावर पडते आणि विटांचा लाल रंग खुलतो. संध्याकाळी सूर्य देवळाच्या मागे जातो, म्हणून समोरून फक्त काळी आकृती दिसते. ती सुंदर असते, पण ती नदीतून किंवा समोरच्या, बेटाकडच्या काठावरून पाहायची. आवारात उभे राहून सूर्यास्त पाहणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. माझ्या मते नदीकाठ यांनी दिलेला क्रम तुम्ही उलटा करा: आठला चायवत्थनाराम, मग दक्षिण काठ, साडेदहा-अकरापर्यंत बेटावर परत. उघड्यावरचे लांब अंतर थंड वेळेत संपते. महाथातला गर्दी लागेल, पण तिथे झाडांची सावली आहे आणि सासूबाई थकल्या तर बेटावर तीनचाकी टुकटुक सहज मिळते, पैलतीरावर शोधावी लागते.

डिसेंबर हवेला चांगला, तरी दुपारी पारा तिशीच्या वर जातो. दर तासाला माणशी अर्धा लिटर पाणी, आणि दोनदा ओआरएस. पूजा चालू असलेल्या देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणून सुती पूर्ण बाह्यांचा सदरा दोन्ही कामांना येतो.

जेवण: 'जे' असे म्हणा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत लिहिलेले असते आणि लांबून 17 या आकड्यासारखे दिसते. त्यात मांस, मासे, अंडे नसते आणि कांदा-लसूणही नसतो. साध्या खानावळीत भाज्यांचा भात मागितला तरी माशाचा सॉस पडतोच, म्हणून "मै साय नाम प्ला" हे वाक्य पाठ करा. इथल्या प्रसिद्ध बोट नूडल्सच्या रश्शात बहुधा रक्त घातलेले असते, तुमच्या कामाचे नाही. रोती साय माय मात्र जरूर खा: रंगीत पातळ रोटीत साखरेचे तंतू गुंडाळून देतात, आपल्या म्हातारीच्या केसांचाच भाऊबंद. उथाँग रस्त्याच्या दक्षिण बाजूला दुकानांची रांगच आहे.

देवळांच्या आसपास भटकी कुत्री असतात. अंगावर धावली तर वेग वाढवू नका. उतरा आणि सायकल मध्ये धरून चालत पुढे जा. चावले किंवा ओरखडा आला तरी 15 मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, रेबीजच्या लसीला उशीर नको.

नदीकाठ

उन्हाच्या दिशेचा मुद्दा बरोबर आहे, तुमच्या चौघांसाठी उलटा क्रमच घ्या. मात्र मग आठला पैलतीरावर असायला बँकॉकहून पहाटे निघावे लागेल. लांब पल्ल्याच्या गाड्या क्रुंग थेप अफिवात स्टेशनवरून सुटतात आणि साध्या गाड्या अजून हुआ लाम्फोंगवरून. तिकीट काढताना स्टेशनाचे नाव नीट पाहा, दोन्हींत बरेच अंतर आहे. साध्या गाडीला दीड ते दोन तास लागतात. मुक्काम डॉन मुआंग विमानतळाजवळ असेल तर तिथूनच चढा, वेळ जवळपास निम्मा होतो. अयुथया स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडून गल्लीने सरळ गेलात की पासाकचा धक्का लागतो, होडी काही मिनिटांत बेटावर सोडते. सहलवाल्यांना भेटण्याची जागा स्टेशनऐवजी होडीच्या बेटाकडच्या धक्क्यावर मागा, म्हणजे सासूबाईंना पासाकवरच्या मोठ्या पुलावरून सायकल चालवावी लागणार नाही.