जास्वंदीच्या काड्यांना पालवी फुटते, पण मुळं धरत नाहीत. काय चुकतंय?

अंगणवेल
जास्वंद आणि गुलाबाच्या मिळून १२ काड्या लावल्या होत्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब. कुंडीत अर्धी बागेतली माती, अर्धं शेणखत. पाणी सकाळ-संध्याकाळ. बाराव्या दिवसापर्यंत सगळ्यांना पालवी फुटली. तिसऱ्या आठवड्यात पानांनी माना टाकल्या आणि आता ९ काड्या बुडापासून काळ्या पडून मऊ झाल्यात. उरलेल्या ३ जास्वंदीच्या आहेत. त्यातली एक उपटून पाहिली, मुळं नाहीत, टोकाला पांढरट खडबडीत फुगवटा आहे. रूटिंग पावडर (मुळं फुटावीत म्हणून काडीच्या बुडाला लावतात ती) वापरली नव्हती, ते कारण असेल का? या ३ वाचतील का?

मातकट
पावडर नव्हती म्हणून काड्या काळ्या पडत नाहीत. जास्वंद पावडरीशिवायही बऱ्यापैकी धरते. इथे खत आणि पाणी नडलंय.

पालवी फुटली म्हणजे काडी लागली, हा समज आधी डोक्यातून काढा. काडीत जे अन्न साठलेलं असतं त्यावरच डोळे (काडीवरच्या कोंब येणाऱ्या गाठी) फुटतात, त्याला मुळं लागत नाहीत. पानं मोठी झाली की त्यांच्यातून पाणी उडू लागतं आणि खालून भरपाई काहीच नसते. म्हणून तिसऱ्या आठवड्यात माना पडतात. ते बघून आपण आणखी पाणी घालतो आणि काडी कुजते.

बुडापासून काळी आणि मऊ पडत आली तर ती कूज. शेंड्याकडून तपकिरी होत सुरकुतली तर ती सुकली. दोन्हींवरचे उपाय उलट आहेत, त्यामुळे कुठून सुरुवात झाली हे बघितल्याशिवाय पाण्याचा झारा उचलू नये.

मिश्रणात खत अजिबात नको. मुळं नसलेल्या काडीला त्याचा उपयोग शून्य, बुरशीला मात्र मेजवानी. धुतलेली जाडी वाळू, किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) समप्रमाणात घ्या. मूठभर मिश्रण घट्ट पिळल्यावर जेमतेम एक-दोन थेंब गळावेत. धार लागली तर ओल जास्त आहे. काडीच्या बुडाला ओलीइतकीच हवाही लागते, आणि चिकट ओल्या मातीत ती मिळत नाही.

तुम्हाला दिसलेला फुगवटा हा कॅलस, म्हणजे कापावर धरलेली खपली. मुळं नव्हेत, पण लक्षण वाईटही नाही. तो टणक असेल तर त्याला हात लावू नका. तिन्ही काड्या नवीन मिश्रणात हलवा. एखादीचं बूड काळं दिसलं तर स्वच्छ पात्याने वर वर कापत जा, आतलं लाकूड डाग नसलेलं, पांढरट-हिरवं लागेपर्यंत. नंतर अधूनमधून उपटून बघू नका, बारीक मुळं त्यातच तुटतात.

पानोपानी
वरच्याशी सहमत. कापण्याबद्दल थोडं.

जास्वंदीला अर्धवट जून फांदी घ्या: वाकवली तर वाकते, पण लगेच पिचत नाही अशी. १२ ते १५ सेंमी, निदान ३ डोळे. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, कारण बहुतेक झाडांत मुळं तिथूनच सहज सुटतात. वरचा काप डोळ्याच्या सेंटिमीटरभर वर. खालचा तिरका आणि वरचा सरळ ठेवला तर उलटी काडी खोचली जात नाही. उलट्या काडीला मुळं जवळपास येतच नाहीत. वरची दोन पानं ठेवून तीही निम्मी कापा. कळ्या असतील तर खुडून टाका.

पावडर घ्यायचीच तर आयबीए (मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक) असलेली. अर्धवट जून काडीला १००० ते ३००० पीपीएम, म्हणजे ०.१ ते ०.३ टक्के. बूड किंचित ओलं करून पावडरीत टेकवायचं आणि जास्तीची झटकून टाकायची. थर जाड झाला तर उलट मुळं दबतात आणि बूड करपतं. डबीत काडी थेट बुडवू नका, एका काडीची बुरशी सगळ्या पावडरीत जाते. मिश्रणात आधी काटकीने भोक पाडा, मग काडी ठेवा. नुसती खुपसली तर पावडर वरच पुसली जाते.

वरून पारदर्शक पिशवी घाला, पण पानांना टेकू देऊ नका. उजेड भरपूर हवा, थेट ऊन नको. उन्हात ठेवलेल्या पिशवीत काडी अक्षरशः शिजते.

अंगणवेल
आभार! पिशवी घातलीच नव्हती. ती कधी काढायची? आणि काड्या नुसत्या पाण्यात ठेवल्या तर?

मातकट
कोलियस, मनी प्लांट पाण्यात खुशाल ठेवा. जून लाकडाच्या काड्या पाण्यात बहुधा कुजतात. आणि पाण्यात फुटलेली मुळं ठिसूळ असतात, म्हणून ती २-३ सेंमी झाली की लगेच मिश्रणात हलवलेली बरी.

जास्वंदीला साधारण ४ ते ६ आठवडे धरा. काडी बोटांनी हलकेच वर ओढून बघा. अडली तर मुळं धरली, सहज वर आली तर तशीच दाबून ठेवा. धरल्यावरही पिशवी एकदम काढू नका. पहिल्या दिवशी तासभर उघडी, मग रोज वेळ वाढवत आठवड्याभरात पूर्ण. दमट हवेत वाढलेलं पान कोरड्या हवेत तासाभरात कोमेजतं.

काटेरी
गुलाबाचं वेगळं बघा. फूल येऊन गेलेल्या फांदीचा मधला भाग घ्या, काटे सहज मोडून निघतात तो. मोठ्या फुलांचे बरेच संकरित गुलाब रानगुलाबाच्या खुंटावर (मुळं असलेल्या बुंध्यावर) डोळा भरून, म्हणजे कलम करून, केलेले असतात. त्यांची काडी लागली तरी स्वतःच्या मुळांवर झाड अशक्त राहू शकतं. छोट्या फुलांचे आणि वेली गुलाब काडीवर चांगले चालतात. फांदी खुंटातून फुटलेली नाही ना, हे मात्र कापण्याआधी बघा: कलमाच्या गाठीच्या खालून आलेली असेल तर रानगुलाबच लागेल.