फ्यूजोबॅक्टेरियम खरंच नोडमध्ये आहे की ब्लेडवरून आलंय?

प्रश्न (एमडी पॅथॉलॉजी, दुसरं वर्ष)
थिसिस: मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये फ्यूजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जिवाणू आणि कॅन्सरचा लिम्फ नोडमधला (लसिका ग्रंथींमधला) प्रसार. जुन्या पॅराफिन ब्लॉकमधून (मेणात जतन केलेल्या ऊतकातून) डीएनए काढून या जिवाणूच्या नसजी जनुकाचं क्यूपीसीआर (डीएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी) केलं. ट्यूमरमध्ये सीटी (डीएनए दिसायला लागलेली आवर्तनं; आकडा कमी तितका डीएनए जास्त) 28 ते 31, नोडमध्ये 36 ते 38. पण पाण्याच्या कंट्रोललाही (नमुन्याऐवजी नुसतं पाणी) 38 आला. नोड पॉझिटिव्ह धरायचे का?

उत्तर (मॉलिक्युलर लॅब)
मुळीच नाही. साधारण 3.3 सीटी म्हणजे दसपट फरक. पाण्याच्या दोनच सीटी आधी आलेला नोड म्हणजे जेमतेम चौपट. शिवाय पाण्याचा कंट्रोल फक्त रिएजंट तपासतो, मायक्रोटोमवरची (ब्लॉकचे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावरची) भेसळ त्यात दिसतच नाही. त्यासाठी ऊतक नसलेला कोरा पॅराफिन ब्लॉक मधेमधे कापा आणि तोही डीएनए काढण्यापासून पुढे न्या. आधी नोड कापा, मग ट्यूमर. दर ब्लॉकला नवं ब्लेड. वरचे दोन-तीन सेक्शन (काप) फेकून द्या आणि पुढचे वॉटरबाथवर (काप तरंगवायच्या पाण्यावर) न टाकता थेट ट्यूबमध्ये घ्या.

ग्रॉसिंगमधली (ब्लॉक बनवण्याआधी काढलेला अवयव चिरतानाची) घाण मात्र याने जात नाही. ज्या सुरीने मळ असलेलं आतडं उघडलं तिनेच नोड चिरले असतील, तर ब्लॉकच बिघडलेला. थोड्या केसेसवर फिश (जिवाणू ऊतकात नेमके कुठे आहेत ते चमकवून दाखवणारी चाचणी) करा: जिवाणू कॅन्सरपेशींच्या शेजारी आहेत की नुसते कॅप्सूलच्या (नोडच्या बाहेरच्या आवरणाच्या) कडेला चिकटलेत, ते दिसेल.

उत्तर (सर्जन)
आणि तुमचा 'निगेटिव्ह' गट कसा ठरवलाय? 12 पेक्षा कमी नोड तपासलेल्या केसला एन0 (नोडमध्ये कॅन्सर नाही) म्हणणं धोक्याचं. आधी केमोरेडिएशन झालेले रेक्टमचे रुग्ण वगळा, त्यांत नोड कमी मिळतात. उजव्या कोलनमध्ये हा जंतू जास्त सापडतो, नोडही जास्त निघतात आणि एमएसआय-हाय (डीएनए-दुरुस्ती बिघडलेले) ट्यूमरही तिथेच जास्त. बाजू, टी-स्टेज (ट्यूमर आतड्याच्या भिंतीत किती खोल गेलाय), एमएसआय हिशेबात न धरता काढलेला पी-व्हॅल्यू परीक्षक दोन मिनिटांत उडवतील.

प्रश्नकर्ता
नोडमध्ये काहीच उरलं नाही तर थिसिस बुडाला म्हणायचा?

उत्तर (मॉलिक्युलर लॅब)
का बुडेल? 2012 मध्ये कॅनडातल्या गटाने नोड पॉझिटिव्ह असण्याशी संबंध जोडला तो ट्यूमरमधल्या प्रमाणाचा. या जिवाणूचं फॅडए प्रथिन पेशींवरच्या ई-कॅडहेरिनला चिकटून वाढीला चालना देणारं बीटा-कॅटेनिन चालू करतं, त्याचंच फॅप2 प्रथिन टिजिट या रिसेप्टरमार्गे एनके पेशींना (कॅन्सरपेशी मारणाऱ्या प्रतिकारपेशींना) थोपवतं. हे ट्यूमरमध्येच घडू शकतं. मानवी जनुकाशी तुलना करून ट्यूमरचा डेल्टा सीटी (दोन्हींच्या सीटीतला फरक) काढा, जमल्यास शेजारच्या निरोगी श्लेष्मल त्वचेचाही. फक्त नसजीवरून उपप्रकार कळत नाही. 2024 मध्ये ट्यूमरमध्ये वरचढ दिसला तो अ‍ॅनिमॅलिस या उपप्रकाराचा सी2 गट.

उत्तर (सर्जन)
थिसिसच्या चर्चेत मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकची शिफारस लिहू नका. 2017 मध्ये त्याने ट्यूमरची वाढ मंदावल्याचा दिसलेला परिणाम उंदरांत रोवलेल्या मानवी ट्यूमरवरचा आहे.