मदत हवी आहे: तुर्कीत क्रियापदावरून नाम करताना नेमका कुठला प्रत्यय लावायचा?

नमस्कार मंडळी,

इथे कुणी तुर्की शिकलेलं किंवा तुर्कस्तानात राहिलेलं असेल तर थोडा वेळ द्यावा ही विनंती. प्रश्न लांबलचक आहे, पण घोडं खरंच अडलं आहे.

माझी लेक लग्न होऊन इझमीरला असते. पुढच्या महिन्यात तिचं बाळंतपण आहे आणि मी तिच्याकडे जाऊन राहणार आहे. विहीणबाईंना तुर्कीखेरीज दुसरी भाषा येत नाही. जावई कामावर गेले की घरात बाळंतीण, बाळ आणि आम्ही दोघी. दर वेळी लेकीला उठवून 'हे काय म्हणतात गं' विचारायचं नाही असं ठरवलंय. म्हणून आठ महिने रोज पहाटे तासभर वही घेऊन बसते. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे व्याकरणाचं भय नाही. क्रियापद शेवटी येतं, विभक्ती शब्दाला चिकटते, हे सगळं आपलंच वाटलं. (तुर्की शब्द मला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिते आहे. काही स्वर आपल्याकडे नाहीतच, सांभाळून घ्या.)

अडले आहे ती क्रियापदावरून नाम करताना. 'बाक्माक' म्हणजे बघणे. त्यातला 'बाक' हा धातू. त्याला एकेक शेपूट लावत गेलं की काय काय होतं बघा: बाक्मा म्हणजे बघणं, बाकिश म्हणजे नजर, बाकिम म्हणजे देखभाल, बाकिजी म्हणजे मुलांना किंवा आजाऱ्याला सांभाळणारी बाई, आणि बाकान म्हणजे चक्क मंत्री! जो बघतो तो मंत्री. आपल्याकडे 'देखणे'पासून देखरेख, देखावा, देखणा निघतात तसंच हे. कुणी उलगडून दाखवलं की लगेच कळतं. पण स्वतः शब्द घडवायला गेले की चुकते.

मागच्या महिन्यात विहीणबाईंनी सार्माची कृती स्वतःच्या हातानं लिहून फोटो पाठवला. द्राक्षाची पानं, तांदूळ, वर लिंबू, इतकं सुबक अक्षर की बघत राहावं. 'याझ्माक' म्हणजे लिहिणे. 'सेव्मेक'पासून सेव्गी म्हणजे प्रेम, 'बिल्मेक'पासून बिल्गी म्हणजे ज्ञान, 'वेर्मेक' म्हणजे देणे, त्यापासून वेर्गी म्हणजे कर. त्याच चालीवर मी 'याझ्गी' केलं आणि कळवलं, तुमची याझ्गी फार सुंदर आहे. त्यांचं उत्तर आलं, 'इन्शाल्ला'. लेकीनं नंतर सांगितलं की याझ्गी म्हणजे नशीब, कपाळी लिहिलेलं. लिखाणाला नुसतं 'याझी' म्हणतात. शब्द मिळाला याचा आनंद झाला, पण प्रत्यय निवडायचा कसा ते काही कळेना.

दुसरा प्रसंग मात्र मनाला लागला होता. एकदा त्यांचा फोन ठरल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा आला. उचलल्याबरोबर त्या म्हणाल्या, 'कुसुरा बाक्मा'. कुसुर म्हणजे आपलं कसूर, हे ओळखलं. बाक्मा म्हणजे बघणं. म्हणजे कसूर बघणं, दोष काढणं? मी काय चुकले ते कळेना, दोन दिवस चैन पडलं नाही. मग उलगडलं की त्या माफी मागत होत्या: कसुराकडे बघू नका! नाम करणारं 'मा' आणि नकार करणारं 'मा' लिहिताना अगदी एकसारखं. मग बोलताना ओळखायचं कसं?

तर माझे प्रश्न असे. कुठल्या क्रियापदाला कुठला प्रत्यय याला काही नियम आहे, की सगळं पाठच करायचं? 'मा' आणि 'इश' दोन्ही लागतात तिथे अर्थात फरक काय? आणि वरच्या 'मा'चं काय करू?

जाता जाता एक सांगते, कारण हे सापडलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. हे प्रत्यय आपल्या घरात कधीचे येऊन बसले आहेत. खिमा म्हणजे मुळात किय्मा, बारीक चिरणे या क्रियापदाचं 'मा' लावलेलं नाम. कुर्मा म्हणजे कावुर्मा, परतणे या क्रियापदाचं. शावर्मा हे चेविर्मे, म्हणजे फिरवणे, याचं अरबी रूप. दोल्मा म्हणजे भरणं, आपल्या भरल्या वांग्यातलं 'भरणं'. आणि चकमक! आपली गारगोटीची चकमक मुळात 'चाक्माक', ठिणगी पाडणे. तिथे आज लायटरला चाक्माकच म्हणतात. क्रियापद आणि वस्तू एकाच रूपात, जसं आपलं लाटणं आणि खेळणं.

प्रतिसाद १

ताई, आधी अभिनंदन! मी कामानिमित्त काही वर्षं अंकाराला होतो, तेव्हा याच ठिकाणी अडखळलो होतो.

हे सगळे प्रत्यय एका रांगेत उभे करू नका. 'माक', 'मा' आणि 'इश' हे तीन जवळपास कुठल्याही क्रियापदाला लागतात, हे व्याकरण. बाकीचे म्हणजे गी, इम, इ, आक, इन्ती, गेच वगैरे ठरावीक धातूंनाच लागतात, ते शब्दकोशाचं काम. मराठीत 'णे' कुठल्याही धातूला लागतं, पण 'णूक' ठरावीक ठिकाणीच. वागणूक, करमणूक, मिरवणूक चालतं, 'बोलणूक' कुणी म्हणत नाही. का, ते तुम्ही तरी वर्गात सांगू शकला असता का? तसंच आहे. निवडणे म्हणजे 'सेच्मेक' आणि निवडणूक म्हणजे 'सेचिम', दोन्ही भाषांनी निवडीतूनच हा शब्द काढला हे मला फार आवडलं होतं.

ओळखायची एक खूण देतो. नकार घालून बघा. न येणं म्हणजे 'गेल्मेमे', 'गेल्मेयिश'सुद्धा होतं. पण सेचिम, सेव्गी, बिल्गी यांच्या पोटात नकार शिरत नाही. 'न निवडणूक' होत नाही तसंच. नकार शिरला तर तो पहिल्या तिघांतला, बिनधास्त वापरा. नाही शिरला तर तो शब्द म्हणून पाठ करा.

'मा' आणि 'इश'मधला फरक 'ग्युल्मेक' म्हणजे हसणे, यावरून पकडा. ग्युल्मे म्हणजे हसणं, ग्युल्युश म्हणजे हसू. युर्युमे म्हणजे चालणं, युर्युयुश म्हणजे एखाद्याची चाल किंवा फेरफटका. 'इश'मध्ये करण्याची ढब येते, किंवा ती एक वेळ. काही तर नेहमीच्या वस्तूच होऊन बसले आहेत: गिरिश म्हणजे आत जायचं दार, चिकिश म्हणजे बाहेर पडायचं. विमानतळावर उतरल्यावर पहिले हेच दिसतील. बाजारहाट म्हणजे 'आलिशवेरिश', शब्दशः घेणं-देणं. आपण देणं आधी म्हणतो, ते घेणं.

दुसऱ्या गटातही अंदाज बांधता येतो, नियम मात्र म्हणू नका. 'आक' बरेचदा जागा किंवा साधन दाखवतो: दुर्माक म्हणजे थांबणे, त्यापासून दुराक म्हणजे बसथांबा, यात्माक म्हणजे आडवं होणे, त्यापासून याताक म्हणजे अंथरूण. गाळणीला स्युझगेच. 'इन्ती' बरेचदा मागे उरलेलं: किरिन्ती म्हणजे पावाचा चुरा. यातले बरेच शब्द गेल्या शतकात मुद्दाम घडवलेले आहेत. 1928 साली लिपी बदलली, 1932 साली अतातुर्कांनी भाषामंडळ स्थापन केलं, मग अरबी-फारसी शब्दांच्या जागी तुर्की धातूंपासून नवे आले. 'ताय्यारे' जाऊन 'उचाक' म्हणजे विमान आलं, 'इम्तिहान'च्या जागी 'सिनाव'. म्हातारी माणसं बोलताना अजूनही जुना शब्द वापरतील, गोंधळू नका.

प्रतिसाद २

'मा'चं उत्तर कानात आहे. नाम असेल तर जोर शेवटच्या 'मा'वर पडतो. नकार असेल तर जोर 'मा'च्या आधी पडतो आणि 'मा' हलकं होतं. विहीणबाईंचं 'कुसुरा बाक्मा' आठवून बघा, आघात 'बाक'वर असेल. दोन्ही मोठ्यानं वीस वेळा म्हणा, महिनाभरात कान बसतो.

बाळासाठी लागणारे शब्द: बेबेक बाकिमी म्हणजे बाळाची देखभाल, दोउम म्हणजे जन्म, एम्झिर्मे म्हणजे अंगावर पाजणं, उयकू म्हणजे झोप. बाळंतिणीला लोहुसा म्हणतात, आणि बाळ झालं की भेटायला येणाऱ्यांना लाल रंगाचं लोहुसा शेरबेत देतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल फोनवर त्यांनी पुन्हा 'कुसुरा बाक्मा' म्हटलं तेव्हा कान देऊन ऐकलं. जोर खरंच 'बाक'वर होता.

नकाराची खूण आज वहीतल्या चाळीस शब्दांना लावून पाहिली, दोन रकाने आपोआप पडले. शेरबेताचं विहीणबाईंना विचारलं, तर त्यांनी आत्ताच साहित्य आणून ठेवलंय. माझ्या बॅगेत आळीव आणि डिंकाचे लाडू आहेत.

एकच तपासून सांगा. बाळाला न्हाऊ घालणं मला 'यिकामाक'वरून 'यिकामा' असं जमलं. न घालणं म्हणजे 'यिकामामा'. नकार आत शिरला, म्हणजे पहिला गट, आणि न्हाऊ घालणं म्हणताना जोर शेवटच्या 'मा'वर. बरोबर ना?