मदत हवी आहे: नित्यसमानता सिद्ध झाली, पण ती कुठल्या कोनांना लागू?

नमस्कार. सांगलीत विश्रामबागला दहावी-अकरावीची शिकवणी घेते. दहावीच्या त्रिकोणमितीत कोन लघुकोनच असतो, त्यामुळे नित्यसमानता (कोन बदलला तरी खरं राहणारं समीकरण) सिद्ध करताना डावी बाजू घेऊन उजवी आणली की काम झालं. अकरावीत कोन कुठलाही येतो आणि तिथे अडलंय.

साइन थीटा / (१ + कॉस थीटा) = (१ − कॉस थीटा) / साइन थीटा

अंश-छेदाला (१ − कॉस थीटा) ने गुणलं, छेदात साइनचा वर्ग आला, सिद्ध. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ०° घालून बघा." डावीकडे ०/२, म्हणजे ०. उजवीकडे ०/०! मग ०° ला समानता खोटी म्हणायची, की लागूच नाही?

दुसरं गणित: √[(१ + साइन थीटा)/(१ − साइन थीटा)] = सेक थीटा + टॅन थीटा. १२०° ला डावीकडे २ + √३ येतात, उजवीकडे −(२ + √३). इथे तर दोन्ही बाजूंना किंमत आहे.

"थीटा अमुक नसावा" ही ओळ शेवटी नुसती चिकटवायला नको वाटतं. ती कुठून येते हे मुलांना कसं दाखवायचं?

उत्तर, साताऱ्याहून:
ताई, मुलीचं कौतुक करा. पहिलं गणित "लागू नाही" या प्रकारातलं. दोन्ही बाजूंना किंमत असेल तिथे त्या सारख्या हव्यात, एवढंच नित्यसमानता सांगते. उजवीकडे छेदात साइन आहे, म्हणून १८०° च्या सगळ्या पटी वगळायच्या. ०° हातातून सुटतो तो गुणण्याच्या पायरीवर, कारण तिथे (१ − कॉस थीटा) शून्य असतं. गुणताना किंवा भागताना "हे शून्य नाही" असं त्याच ओळीत लिहायची सवय लावा, अट आपोआप मिळते. मोबाइलवरच्या आलेखावर विसंबू नका, उजव्या बाजूचं ०° चं भोक त्यात सहसा दिसत नाही.

दुसरं मात्र काही कोनांना खोटंच आहे. मुळाखाली अंश-छेदाला (१ + साइन थीटा) ने गुणलं की छेदात कॉसचा वर्ग येतो. त्या कॉस वर्गाचं वर्गमूळ म्हणजे कॉस नव्हे, कॉसचं केवलमूल्य (उणे चिन्ह सोडून उरणारी किंमत). कॉस धन असेल तिथेच, म्हणजे पहिल्या आणि चौथ्या चरणात (०° ते ९०° आणि २७०° ते ३६०° यांच्या दरम्यान), ते खरं ठरतं.

धागाकर्ती:
खूप आभार सर, चरणांचं लक्षातच आलं नव्हतं. आधी एक-दोन कोन घालून तपासायला सांगू का?

उत्तर, साताऱ्याहून:
जरूर, पण खोटं पकडण्यापुरतंच. त्याला एक कोन पुरतो. खरं ठरवायला कितीही कोन घातले तरी पुरत नाहीत: साइन २थीटा = २ साइन थीटा हे ०°, १८०°, ३६०° तिन्हींना बरोबर येतं, आणि ९०° ला डावीकडे ०, उजवीकडे २.